स्तूप उजव्या हाताला ठेवून: लेण्यांतला स्तूप कसा पाहावा

स्तूप पाहायला निघालेल्या माणसाला मी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: स्तूपाच्या आत जाता येत नाही. तो भरीव असतो. वरचा भाग गोल, म्हणून आपण सहज त्याला घुमट म्हणून जातो; आणि घुमट म्हटलं की डोळ्यांपुढे छप्पर येतं, त्याखालची जागा येते, विजापूरचा गोलघुमट येतो. तिथेच सगळं बिनसतं. स्तूपाचा गोल भाग, म्हणजे अंड, कशावरही छप्पर धरत नाही. त्याला दार नाही, खिडकी नाही, आत खोली नाही. जे ठेवायचं ते पोटात ठेवून तो कायमचा बंद केलेला असतो. आपल्या वाट्याला येते ती त्याची बाहेरची बाजू आणि त्याच्याभोवतीची वाट. एवढं पक्कं झालं की बाकीचं समजायला फार वेळ लागत नाही.

मी मावळातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. भाजे, कार्ले, बेडसे ही तिन्ही लेणी जवळची, त्यामुळे मुलांना घेऊन जाणं नेहमीचंच. आता निवृत्तीनंतर आमच्या विहारातल्या बायकांना घेऊन जाते. वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमा झाली, पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलं की आम्ही निघतो. त्रिसरण, पंचशील, वंदना सगळ्यांना तोंडपाठ असते. पण स्तूपासमोर उभं राहिल्यावर नजर कुठून सुरू करायची, हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आधी विचारा: यात काय ठेवलंय?

महापरिनिब्बान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या अखेरच्या दिवसांच्या वर्णनात, त्यांचा शिष्य आनंद विचारतो, तथागतांच्या देहाचं पुढे काय करायचं? उत्तर असं मिळतं की चक्रवर्ती राजाचं करतात तसंच करा, आणि चार रस्ते मिळतात तिथे स्तूप बांधा. ही जागेची अट मला फार मोलाची वाटते. स्तूप आडबाजूला लपवायचा नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत उभा करायचा. स्तूपाला पात्र कोण, तेही तिथेच सांगितलं आहे: सम्यक संबुद्ध, प्रत्येकबुद्ध (स्वतःपुरती बोधी मिळवलेला), बुद्धांचा श्रावक (शिष्य) आणि चक्रवर्ती राजा. पुढे कुशीनगरला अस्थींवरून भांडण जुंपायची वेळ आली तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ वाटे केले. ज्या भांड्याने वाटणी केली ते भांडं त्याने स्वतःसाठी मागून घेतलं. पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले, त्यांना चितेतले निखारेच मिळाले. अस्थींचे आठ, भांड्याचा एक, निखाऱ्यांचा एक, असे दहा स्तूप झाले.

म्हणजे अगदी पहिल्या वाटणीतच दिसतं की पोटात अस्थीच असायला हव्यात असं नाही. परंपरेने यावरून प्रकार पाडले. देहाचे अवशेष असतील तो शारीरिक, बुद्धांनी वापरलेली वस्तू असेल तो पारिभोगिक, आणि केवळ आठवण म्हणून उभारला तो उद्देशिक. कुठल्याही स्तूपापुढे उभे राहिलात की आधी मनात विचारा, हा यातला कोणता?

पारिभोगिकाचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईच्या दाराशी आहे. नालासोपाऱ्याला विटांची एक टेकडीवजा जागा होती. गावकरी तिला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे खोदलं आणि मधोमध एक दगडी पेटी लागली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती मांडलेल्या आठ छोट्या मूर्ती: होऊन गेलेले सात बुद्ध आणि येणारा मैत्रेय. करंडकात चांदीचा डबा, चांदीत दगडाचा, दगडात स्फटिकाचा, स्फटिकात सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. आणि त्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते इतक्या मायेने जपले होते. दगड, तांबं, चांदी, स्फटिक, सोनं, आणि या सगळ्याच्या आत भिक्षा मागायचं मातीचं पात्र. स्तूप म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा या डब्यांनी जास्त शिकवलं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने हा ठेवा सांभाळला आहे.

कधीकधी स्तूपाच्या पोटात दुसरा स्तूपच असतो. सांचीचा मोठा स्तूप अशोकाच्या काळी विटांचा होता, आजच्या निम्म्या आकाराचा. पुढच्या पिढ्यांनी तो पाडला नाही. त्याच्यावर दगडांचं कवच चढवून त्याला वाढवलं. आज त्याचा व्यास सुमारे 36.6 मीटर भरतो आणि त्या अंडाच्या आत ते जुनं अंड तसंच आहे. जुन्याला पोटात घेऊन मोठं व्हायचं, ही स्तूपाची रीत.

कागद घ्या आणि खालून काढायला लागा

फोटो नंतर काढा. आधी एक कोरा कागद आणि मऊ पेन्सिल. चित्र सुंदर आलं पाहिजे असं काही नाही. हात चालतो तेव्हा डोळा थांबतो, आणि स्तूपाला थांबलेला डोळा लागतो. सुरुवात खालून करा, कारण स्तूप खालूनच रचला जातो. डोंगरात कोरताना मात्र कारागीर वरून खाली आले, हेही लक्षात असू द्या: खडकातून स्तूप मोकळा करताना छताखालचा भाग आधी सुटतो आणि तळ शेवटी.

खाली नळकांड्यासारखा उभा भाग दिसेल. ती मेधी. सांचीला मेधीवर चढायला जिने आहेत आणि वरून फिरायला दुसरी वाट आहे. लेण्यातल्या मेधीवर चढायचं नसतं, पण तिच्या वरच्या कडेला बहुतेक वेळा एक पट्टी कोरलेली असते: उभे खांब, त्यांत ओवलेल्या आडव्या पट्ट्या, वर सलग कठडा. ही वेदिका. मूळची ती लाकडी कुंपण होती. खांबांत भोकं पाडून आडवे वासे सरकवायचे, त्या वाशांना सूची म्हणत. सांचीला दगडात बांधतानाही सुतारकामाचीच पद्धत वापरली. लेण्यात तर सांधाच नाही, सगळं एकाच खडकाचं. तरी खांब आणि सूची इमानाने कोरल्या आहेत. वेदिका हद्द सांगते. तिच्या अलीकडे रोजचा व्यवहार, पलीकडे पूजेची जागा. मुलांना मी सांगायचे, लेण्यात जिथे जिथे वेदिका दिसेल तिथे बोट करा. कमानीखाली, सज्जावर, मेधीवर, अगदी वर हर्मिकेवरसुद्धा. थोड्या वेळात भिंतभर बोटं फिरायला लागतात.

मेधीवर अंड. इथे पेन्सिल सावकाश चालवा आणि गोलाई नीट बघा. जुन्या लेण्यांत हे अंड बसकं, जवळजवळ अर्ध्या गोलाचं असतं. पुढच्या काळात ते उंच होत गेलं, मेधीही उंच झाली. भाज्याचं चित्र आणि अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्यातलं चित्र शेजारी ठेवलंत तर मधली सहा-सातशे वर्षं कागदावर दिसतात. अंड म्हणजे बीज, गर्भ, ज्यातून पुढचं उगवतं ते. नाव त्याच अर्थाने पडलं. पण मला जास्त भावते ती ह्यूएन त्सांगने नोंदवलेली कथा. बोधीप्राप्तीनंतर बुद्धांना पहिलं अन्न दिलं ते तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी. बुद्धांनी त्यांना आपले केस आणि नखं दिली. यांची पूजा कशी करू, असं त्यांनी विचारलं. बुद्धांनी आपली संघाटी, म्हणजे वरचं चीवर, चौकोनी घडी करून जमिनीवर ठेवली, त्यावर उरलेल्या चीवरांच्या घड्या, त्यावर भिक्षापात्र पालथं घातलं आणि वर काठी उभी केली. असा स्तूप करा, म्हणाले.

ही कथा करून दाखवायची असते. ओढणी चौकोनी घडी करून खाली ठेवा, त्यावर रुमाल, त्यावर वाटी पालथी घाला आणि वाटीच्या टोकावर पेन्सिल धरा. विहारातल्या एका आजींनी हे पाहिलं आणि त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे भिक्खूजवळ असतं तेवढंच आहे की हे सगळं." अगदी तेवढंच. चीवर, पात्र, काठी. कथा इतिहास म्हणून घ्यायची की नाही हा वेगळा प्रश्न. ज्यांनी ती सांगितली त्यांना स्तूपात राजवाडा दिसला नाही, भिक्खूचा संसार दिसला, हे महत्त्वाचं.

अंडाच्या डोक्यावर चौकोनी पेटी असते, ती हर्मिका. गोलावर अचानक चौकोन, म्हणून नजर तिथे अडते, आणि अडायलाच हवी. पेटीच्या चारी बाजूंना पुन्हा वेदिका कोरलेली असते. म्हणजे हद्दीच्या आत आणखी एक हद्द. सगळ्यात पवित्र जागा ती. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातल्या, म्हणजे पूजेच्या मोठ्या लेण्यातल्या, स्तूपात तर खोबणी करून त्यात स्फटिकाचे करंडक ठेवलेले सापडले, म्हणजे खडकात कोरलेला स्तूपही नेहमी रिकामा नसे. लेण्यात हर्मिकेवर पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या दगडी फळ्या दिसतील, जणू उलटा पिरॅमिड. त्यांच्या माथ्यावर मधोमध एक भोक असतं. ते विसरू नका, चित्रात काढाच. त्यातच यष्टी, म्हणजे काठी, उभी केलेली असायची आणि यष्टीवर छत्र.

छत्र हा राजाचा मान. राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या अवशेषांवर छत्र धरलं, तेव्हा लोकांनी राजेपणाची व्याख्याच बदलली. तीन छत्रं असली की बुद्ध, धम्म, संघ असा अर्थ लावतात, आणि तो उपासकांच्या मनाला लगेच पटतो. आपल्याकडच्या बहुतेक लेण्यांत छत्रं लाकडी होती, म्हणून ती गेली आणि भोकं राहिली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. हल्ली एक तक्ता फार फिरतो: चौथरा म्हणजे पृथ्वी, गोल म्हणजे पाणी, वरचा शंकू म्हणजे अग्नी, मग वायू, मग आकाश. तो अर्थ खरा आहे, पण तो वज्रयान परंपरेतला, तिबेट आणि लडाखच्या छोर्तेनचा, म्हणजे तिकडच्या स्तूपांचा. काठमांडूला बौद्धनाथ किंवा स्वयंभूला गेलात, तर हर्मिकेवर रंगवलेले डोळे आणि वर तेरा टप्प्यांचं शिखर दिसेल. तिथे तो तक्ता उघडा. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात भाज्याला घण मारणाऱ्या माणसावर तो लादू नका. प्रत्येक स्तूपाला त्याच्या लोकांनी दिलेला अर्थ आधी विचारावा.

चाला

चित्र अर्धं झालं की कागद मिटा आणि प्रदक्षिणा घाला. स्तूप कायम आपल्या उजव्या हाताला. चैत्यगृहात याचा सरळ अर्थ असा की दारातून आत आल्यावर डाव्या बाजूच्या खांबांमागच्या वाटेत शिरायचं, स्तूपाच्या मागून वळायचं आणि उजव्या बाजूने परत यायचं. चैत्यगृहाचं मागचं टोक अर्धगोल केलं आहे ते याच चालण्यासाठी. चपला बाहेर काढा. त्यात आदर तर आहेच; शिवाय पायाला दगडाचा गारवा लागला की पाऊल आपोआप हळू पडतं.

कार्ल्याला हे चालणं सगळ्यात चांगलं कळतं. आत 37 खांब आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा, त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. आणि स्तूपाच्या मागे सात खांब, साधे अष्टकोनी, कसलंही कोरीव काम नसलेले. चालत चालत मागे पोहोचलात की शोभा एकदम थांबते, उजेड कमी होतो. नजरेला खेळवायला काही उरत नाही, फक्त उजव्या हाताला दगडाची गोलाई. तिथे क्षणभर थांबून दाराकडे बघा. स्तूपाच्या कडेवरून समोरच्या मोठ्या कमानीतला उजेड येताना दिसतो. माझ्या मते कार्ल्यात उभं राहायची खरी जागा ती, पण फोटो काढणारे तिथवर येतच नाहीत. गर्दी नसेल तर हलक्या आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणा. ओरडायची गरज नाही, लेणं आवाज धरून ठेवतं.

मग वर बघा. गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांच्या. खडकाच्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. पण त्याआधीची चैत्यगृहं लाकडी होती, आणि बांधणाऱ्यांना तीच ओळखीची जागा दगडात हवी होती. स्तूपावरचं लाकडी छत्रही कार्ल्याला अजून आहे. बॅटरी लावून त्याच्या खालच्या बाजूची नक्षी पाहा. वरून ती कुणालाच दिसणार नव्हती. खाली उभ्या राहणाऱ्या उपासकासाठीच ती कोरली गेली.

एका दिवसात तीन लेणी, उजेडाच्या हिशेबाने

चैत्यगृहाला उजेड मिळतो तो दर्शनी भागातल्या पिंपळपानाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून. म्हणून लेण्याचं तोंड कुठे, हे जाण्याआधी बघा. बेडसे पूर्वाभिमुख आहे. भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख. सकाळी बेडसे, दुपारनंतर भाजे, शेवटी कार्ले, असा क्रम धरलात तर स्तूप उजेडात भेटेल. कार्ल्याचं दार संध्याकाळी लवकर बंद होतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

बेडशाला कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याने जायचं. गर्दी कमी, पायऱ्या बऱ्याच. समोरचा खडक पूर्ण काढलेला नाही, त्यामुळे चिंचोळ्या वाटेने आत गेल्याशिवाय दर्शनी खांब दिसतच नाहीत. आत स्तूपावर मूळची लाकडी यष्टी अजून उभी आहे, वर कमळ आहे, छत्र मात्र गेलं. हर्मिकेच्या भोकात काय असायचं हे डोळ्यांनी बघायचं तर इथेच.

भाज्याला मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं. चैत्यगृहातले 27 खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, लाकडी खांब छताचा भार पेलताना कलते ठेवायचे त्याची आठवण म्हणून. स्तूप अगदी साधा: मेधी, अंड, हर्मिका, बस. पहिलं चित्र इथेच काढावं. पण भाज्यातली माझी आवडती जागा चैत्यगृह नाही. तिथून पुढे गेलात की डोंगराच्या पोटात आणि बाहेर मिळून 14 छोटे स्तूप एकमेकांना चिकटून उभे आहेत. पाच कपारीच्या आत, नऊ बाहेर. हे बुद्धांचे नाहीत. हे त्याच डोंगरात राहिलेल्या, तिथेच गेलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, स्मारकस्तूप. काहींवर ब्राह्मी अक्षरांत नावं आहेत: थेर अंपिनिक, थेर धमगिरी, थेर संघदिन. सुत्तातल्या यादीत श्रावकाचा स्तूप आहे ना, तो हा. इथे मी सगळ्यांना बसवते आणि ती नावं मोठ्याने म्हणायला लावते. यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. नाव आणि स्तूप एवढंच मागे राहिलं. मेधीला वेदिका आहे का, हर्मिका कुणाची शाबूत आहे, कुणाची तुटली, हे बघत प्रत्येकापाशी थोडं थोडं थांबा. घाईने पुढे जायची ही जागा नाही.

कार्ल्याला दारातच एकवीरा आईचं देऊळ. कोळी आणि आगरी समाजाची ती कुलदेवता, म्हणून चैत्रात आणि नवरात्रात पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. ते दिवस टाळा, किंवा गेलात तर रांगेचा मान राखून जा. व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठीचा लेख आहे; त्यात हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं म्हटलं आहे. आत खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांचीही, म्हणजे ग्रीकांचीही, दानं आहेत. एकेक खांब एकेका माणसाने दिलेला. सांचीला तर असे 600 हून अधिक दानलेख आहेत, आणि दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचं, आनंदाचं नाव आहे. आपल्या सातवाहनांचा हात सांचीपर्यंत पोहोचला तो असा. उलट, सांचीच्या तोडीचा विटांचा स्तूप आपल्याच भंडारा जिल्ह्यात पवनीला आहे; 1969-70 मध्ये तिथे उत्खनन झालं. विदर्भातल्या वाचकांनी सांचीचं तिकीट काढण्याआधी पवनीची जगन्नाथ टेकडी बघून यावी.

मूर्ती पुढे येते तेव्हा

अजिंठ्याला आधी 9 आणि 10 क्रमांकाची लेणी पाहा, मगच 19 आणि 26. पहिल्या दोन्हींतला स्तूप मोकळा आहे. 19 मध्ये त्याच स्तूपातून बुद्धमूर्ती बाहेर आली आहे, उभी; वर तीन दगडी छत्रं एकावर एक चढत छताला भिडायला जातात. 26 मध्ये बुद्ध पाय खाली सोडून बसले आहेत. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात मूर्ती इतकी मोठी होते की समोरून स्तूप तिच्या मागची पाठ वाटतो. इथे लोक मूर्तीपुढे हात जोडून परत फिरतात. तसं करू नका. मागून वळून या. प्रदक्षिणेची वाट कारागिरांनी तिथेही ठेवली आहे, आणि मागे गेल्यावर तोच जुना गोल स्तूप भेटतो.

घुमट पोकळ होतो तेव्हा

स्तूप भरीव असतो म्हणून सुरुवात केली, पण आपल्याच महाराष्ट्रात पोकळ स्तूपही आहेत, आणि त्यांचा अर्थ वेगळ्या वाटेने लागतो. जुन्नरच्या तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे: मधे स्तूप, भोवती 12 अष्टकोनी खांबांचं कडं, आणि स्तूपावर खडकातच कोरलेलं घुमटाकार छत. खाली भरीव गोल, वर पोकळ गोल. चालणारा माणूस या दोन गोलांच्या मधे. जुन्नरला लेण्याद्रीला जाणारे बरेच जण तुळजा टाळतात. निदान स्तूप समजून घ्यायचा असेल तर टाळू नका.

नागपूरची दीक्षाभूमी पाहाल तेव्हा हे तुळजा आठवा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तिथे सांचीच्या धर्तीवरचं अंड उभं आहे, 120 फूट व्यासाचं. वास्तुविशारद शिवदान मल. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बाहेरून मेधी, अंड, हर्मिका, छत्र सगळं ओळखू येतं, तोरणंही आहेत. पण या स्तूपाला दारं आहेत आणि आत दालन आहे, मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी. जुन्या स्तूपात ज्या पोटात फक्त धातू, म्हणजे अस्थी-अवशेष, ठेवायचे, तिथे इथे माणसं जाऊन उभी राहतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीवर अडवलं, त्यांच्या स्तूपाला आतली जागा असणं, ती सगळ्यांना खुली असणं, हे मला फार योग्य वाटतं. सांचीशी तुलना करून "हा खरा स्तूप नव्हे" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी सांचीचाच इतिहास सांगते: प्रत्येक पिढीने स्तूपावर आपला थर चढवला आहे.

गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोडात तर धातू आणि माणसं यांच्या जागांची अदलाबदलच झाली. 2009 मध्ये तो खुला झाला. आतला घुमट सुमारे 85 मीटर व्यासाचा, मधे एकही खांब नाही; जोधपूरचे दगड एकमेकांत अडकवून तो पेलला आहे. आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. धातू घुमटाच्या मध्यबिंदूशी वर ठेवलेले आहेत आणि साधक त्यांच्याखाली. रूप म्यानमारच्या श्वेडगॉनचं, पण श्वेडगॉन भरीव आहे. गोराईलाही बाहेरून प्रदक्षिणा घालता येते. आधी ती घाला, मग आतला भाग पाहा. चैत्यभूमीला 6 डिसेंबरला जाल तेव्हा चालायला जागा नसेल. एरवीच्या एखाद्या दिवशी दादरला जाऊन चौकोनी तळ आणि त्यावरचं छोटं अंड शांतपणे काढा.

जाताना आणि आल्यावर

स्तूपाला टेकू नका, मेधीवर बसून फोटो काढू नका, अगरबत्ती किंवा मेणबत्ती दगडाला लावू नका. काजळीचा थर निघत नाही आणि वेदिकेची बारीक रेघ त्याखाली बुजते. फुलं वाहायची असतील तर स्तूपापासून हात-दोन हात अलीकडे ठेवा आणि निघताना उचलून आणा. नावं कोरण्याबद्दल मुलांना घरूनच बजावा. अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात 1819 सालच्या जॉन स्मिथने खरवडलेलं नाव अजून वाचता येतं; दगड असं काही विसरत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी चित्राला नावं द्या: मेधी, वेदिका, अंड, हर्मिका, यष्टी, छत्र. जे तिथे नव्हतं ते तुटक रेघेने काढा. कोपऱ्यात लेण्याचं नाव, लेण्याचं तोंड कोणत्या दिशेला, आणि हा शारीरिक, पारिभोगिक की उद्देशिक, हे लिहा. थेराचा असेल तर थेराचं नाव. पुढच्या खेपेला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जा: तिसऱ्या लेण्यातलं चैत्यगृह झालं की माघारी न फिरता 87 क्रमांकापर्यंत चढा. तिथे लांबलचक कपारीत ओळीने विटांच्या स्तूपांचे तळ उरले आहेत, कान्हेरीच्या भिक्खूंचे. अंडं पडली, हर्मिका गेल्या. तरी भाज्याचं चित्र सोबत असेल तर नुसत्या तळांवरून वरचे भाग कसे असतील ते तुम्हाला काढता येईल.